ज्यांच्या कादंबरीसाठी लोक लिपी शिकले

धर्मग्रंथासाठी किंवा शास्त्राभ्यासासाठी कोणी नवी भाषा शिकला, तर त्याचे आपणांस कौतुक वाटते, आश्चर्य वाटत नाही. परंतु भुयारे, गुप्त खजिने, वेषांतरे आणि बेशुद्धीची चूर्णे यांनी भरलेली एक कादंबरी वाचता यावी एवढ्याचसाठी प्रौढ वयाच्या माणसांनी पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ केला, ही गोष्ट खरोखरच विलक्षण म्हटली पाहिजे. उत्तर हिंदुस्थानात असे घडले. ती कादंबरी म्हणजे ‘चंद्रकांता’, आणि तिचे लेखक काशीचे बाबू देवकीनंदन खत्री. त्यांच्या नावाचा दबदबा आपल्या ग्वाल्हेर-माळव्याकडील जुन्या मराठी घरांनाही अपरिचित नाही. मात्र त्यांचे चरित्र फारसे कोणी सांगत नाही.

देवकीनंदन यांचा जन्म 1861 साली बिहारात मुजफ्फरपूरकडे आजोळी झाला. घराणे मूळचे पंजाबातील. महाराजा रणजितसिंहांच्या निधनानंतर त्या राज्यात जी बेबंदशाही माजली, तिला कंटाळून त्यांचे वडील लाला ईश्वरदास काशीस येऊन राहिले. मुलाचे बालपण बरेचसे आजोळी गेले आणि त्याचे पहिले शिक्षण त्या काळच्या रीतीप्रमाणे उर्दू व फारसीत झाले. हिंदी, संस्कृत आणि थोडेफार इंग्रजी त्याने नंतर हस्तगत केले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या माणसाने पुढे असंख्य उर्दूवाचकांना नागरी अक्षरांकडे वळविले, तो स्वतःही उर्दूच्याच वाटेने हिंदीत आला होता. पलीकडच्या काठावरील वाचकाला काय आवडते आणि कोणता शब्द अडतो, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

वयात आल्यावर ते गया जिल्ह्यातील टेकारी संस्थानात वडिलांचा व्यापार पाहू लागले. टेकारीच्या राजघराण्यात काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांची बहीण दिलेली होती. त्या संबंधाने देवकीनंदन यांचा काशीच्या दरबाराशी परिचय झाला, आणि पुढे टेकारीचा मुक्काम हलवून काशीस आल्यावर त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. वाङ्मयाच्या इतिहासात लाकडाच्या व रानातील मालाच्या ठेक्याला सहसा स्थान नसते, पण येथे ते द्यावेच लागते.

रानातील वर्षे

चकिया-नौगढचा हा मुलूख म्हणजे विंध्याचलाचाच पसारा. कर्मनाशा आणि चंद्रप्रभा या नद्या तेथील कडे फोडून धबधब्यांनी खाली उतरतात. एका अंगाला गंगेच्या काठी चुनारचा किल्ला, दक्षिणेस डोंगरावर विजयगड, आणि पूर्वेकडे बिहारात शोण नदीच्या वर रोहतासगड. ठेकेदार म्हणून देवकीनंदन महिनेच्या महिने या रानात हिंडले. पडके वाडे, अर्धवट बुजलेल्या बावड्या, डोंगरातील खोऱ्या, आत कोठवर जातात ते न कळणारी विवरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि रानातल्या लोकांच्या तोंडून त्या जागांच्या कथा ऐकल्या.

या कथा अगदीच निराधार होत्या असे मानण्याचे कारण नाही. विजयगडाचेच उदाहरण घ्या. 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीचा राजा चेतसिंह याच्यावर हात टाकला, तेव्हा चेतसिंहाने याच गडाचा आश्रय केला. त्याचा खजिना तेथेच होता. त्याने गड सोडल्यावर मेजर पॉपहॅमने तो घेतला, आणि हाती लागलेली संपत्ती हेस्टिंग्जकडे न पोहोचता फौजेतच वाटली गेली. हा पॉपहॅम म्हणजे आदल्या वर्षी, 1780 साली, आपला ग्वाल्हेरचा किल्ला रात्रीच्या वेळी शिड्या लावून सर करणारा तोच. आणि चेतसिंह तो अखेरीस महादजी शिंद्यांच्या आश्रयास ग्वाल्हेरीस आला व 1810 मध्ये येथेच वारला. ज्या गडाची अशी हकीकत आहे, त्याच्या पोटात अजून धन पुरलेले आहे असे भोवतालची माणसे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहिली, तर नवल ते काय?

काही वर्षांनी जंगलाचा ठेका हातचा गेला. उद्योग सुटलेला, वय तिशीच्या अलीकडचे, आणि डोक्यात रानांचा व गडांचा सगळा नकाशा. अशा स्थितीत देवकीनंदन यांनी लेखणी उचलली. सुमारे 1888 पासून ‘चंद्रकांता’चे भाग छापून बाहेर पडू लागले. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगडची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा ठेवणारा क्रूरसिंह आणि त्याने साहाय्यास गाठलेला चुनारचा राजा शिवदत्त असा हा पट आहे. गावांची नावे खरी असल्यामुळे काशी-मिर्झापूरच्या वाचकाला आपल्याच दाराबाहेर हे सारे घडत आहे असा भास होई.

ऐयार आणि तिलिस्म

तथापि कथेचा प्राण राजपुत्र-राजकन्येत नाही. तो ऐयारांत आहे. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी, वैद्य आणि योद्धा असा एकात सामावलेला मनुष्य. त्याच्या कमरेला बटवा, बटव्यात बेशुद्ध करणारे चूर्ण व शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग, खोटे केस आणि हाताशी कमंद म्हणजे दोराची फासशिडी. वीरेंद्रसिंहाचा तेजसिंह, चंद्रकांतेची सखी चपला ही या जातीतील नामांकित पात्रे. स्त्रियाही ऐयारी करतात आणि पुरुषांना चकवतात, ही गोष्ट त्या काळच्या मानाने थोडी नव्हे. ऐयाराला ज्या विद्या यावयास हव्यात, त्यांच्या यादीत लेखकाने प्रस्तावनेत गाणे-बजावणेही घातले आहे. शत्रूच्या महालात गवयाच्या वेषाने शिरावयाचे, तर सूर खरा लागलाच पाहिजे. संगीत शिकविणाऱ्याला ही अट वाचून समाधान वाटल्यावाचून राहत नाही.

ऐयारांचा एक धर्मही आहे. ऐयार ऐयाराला मारीत नाही, पकडला तर कैद करतो. त्यामुळे या कादंबऱ्यांत पळापळ, फसवाफसवी, कैद आणि सुटका यांची गर्दी आहे, परंतु रक्ताची आवड नाही. आजच्या कित्येक रहस्यकथा वाचून पाहिल्या म्हणजे हा संयम अधिकच ठळक दिसतो.

दुसरे आकर्षण तिलिस्माचे. पूर्वीच्या राजाने आपले धन एखाद्या विशिष्ट वंशजासाठी राखून ठेवावे, त्यावर यंत्रे, गुप्त दारे, चाकावर फिरणाऱ्या पुतळ्या आणि फसव्या वाटा यांचे कोंदण करावे, आणि ते फोडण्याची रीत एका पुस्तकात लिहून ठेवावी, अशी ही कल्पना. पडक्या वाड्यातील दगडी बगळा चोच उघडून माणसाला गिळतो हा प्रसंग ज्याने बाळपणी वाचला, तो त्याला जन्मभर विसरत नाही.

ऐयार आणि तिलिस्म या दोन्ही कल्पना खत्रींनी शून्यातून काढल्या नाहीत. अमीर हमजाच्या दास्ताना कथेकरी पूर्वापार सांगत आले होते, आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 1883 पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड काढले होते. मात्र त्या दास्तानांत जादूगार आहेत, मंत्र आहेत, देव-राक्षस आहेत. खत्रींनी जादू जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या येथे चमत्काराच्या मागे कळ असते, औषध असते, आरसा असतो किंवा कारागिराची करामत असते. प्रथम वाचकाला थक्क करावे आणि नंतर त्याला पडद्यामागे नेऊन यंत्र दाखवावे, हा त्यांचा बेत. रेल्वे आणि तारायंत्र नुकतेच पाहिलेल्या पिढीला तो नेमका मानवला. या गोष्टी असंभाव्य आहेत असा आक्षेप आला, तेव्हा त्यांनी याच नव्या शोधांकडे बोट दाखवून उत्तर दिले.

अक्षरांची ओढ

या पुस्तकाचे यश समजण्यास त्या काळची लिपीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. वायव्य प्रांतांत कचेऱ्यांचे काम फारसी लिपीतील उर्दूत चाले. ज्याला नोकरी किंवा वकिली करावयाची, तो उर्दू शिके. नागरी पोथ्यांपुरती, बायकांच्या पत्रांपुरती आणि सावकारी दुकानांच्या आसपास राहिली होती. नागरी प्रचारासाठी काशीतच 1893 मध्ये नागरीप्रचारिणी सभा स्थापन झाली, आणि 1900 च्या एप्रिलमध्ये सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या हुकुमाने नागरीला कचेरीत प्रवेश मिळाला. अर्ज, सह्या, शिष्टमंडळे हा एक मार्ग होता, आणि तो आवश्यकही होता.

खत्रींनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी कोणालाही नागरी शिका असा उपदेश केला नाही. केवळ अशी एक गोष्ट नागरीत छापली की जी न वाचता राहवेना. ज्यांचे वाचन शाळा सुटताच संपले होते, किंवा कचेरीच्या कागदांपलीकडे कधी गेलेच नव्हते, अशी माणसे दुसऱ्याच्या तोंडून अर्धी कथा ऐकत, आणि उरलेली अर्धी स्वतः वाचता यावी म्हणून अक्षरे शिकत. किती जण शिकले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, परंतु असे शिकणारे पुष्कळ होते ही गोष्ट हिंदी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी नोंदली आहे.

यात कारागिरी होती, योगायोग नव्हता. प्रकरणे लहान ठेवली. त्यांना नाव दिले ‘बयान’, म्हणजे कचेरीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा शब्द. एक बयान अशा ठिकाणी तोडावयाचे की पुढचे वाचल्याशिवाय दिवा मालवता येऊ नये. भाषा घरात, बाजारात बोलली जाणारी, जीत उर्दू शब्द परके वाटत नाहीत. पुढे पुढे त्यांनी त्या भाषेत संस्कृत वळणाचे शब्द थोडथोडे वाढविले, कारण वाचक आता तयार झाला होता. हा सारा विचार आपण जाणूनबुजून केला, असे त्यांनी नंतर स्वतःच स्पष्ट केले आहे. उत्तम शिक्षकही असेच करतो. पहिल्याच दिवशी तो विद्यार्थ्यापुढे अनवट राग मांडीत नाही.

‘चंद्रकांता’ चार भागांत पुरी झाली, पण वाचक तृप्त होईनात. 1894 पासून ‘चंद्रकांता संतति’ सुरू झाली आणि पुढील सुमारे दहा वर्षांत तिचे चोवीस भाग निघाले. वीरेंद्रसिंहाचे पुत्र इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह, जमानियाची मायाराणी, कमलिनी, राजा गोपालसिंह आणि सर्वांत स्मरणीय असा भूतनाथ ऐयार या ग्रंथमालेत येतात. भूतनाथ हा निव्वळ सज्जनही नाही आणि निव्वळ दुष्टही नाही. मागील आयुष्यातील पापे लपविण्यासाठी धडपडणारा, आणि तरीही चांगुलपणाकडे ओढला जाणारा हा मनुष्य. खत्रींना पात्रे रंगविता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी भूतनाथाकडे पुरेसे पाहिलेले दिसत नाही.

1898 मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक ही तिन्ही कामे एका हाती आली. 1900 साली माधवप्रसाद मिश्र यांच्या संपादकत्वाखाली ‘सुदर्शन’ नावाचे गंभीर मासिकही त्यांनी चालविले. ते फार काळ टिकले नाही, पण ऐयारीच्या कादंबऱ्यांवर मिळालेला पैसा त्यांनी असा विद्वत्तेच्या कामी लावला, हे विसरता कामा नये. ‘नरेंद्र मोहिनी’, ‘वीरेंद्र वीर’, ‘कुसुम कुमारी’, ‘काजर की कोठरी’ या त्यांच्या इतर कादंबऱ्या. 1907 मध्ये त्यांनी ‘भूतनाथ’ लिहावयास घेतली. तिचे सहा भाग झाले असता, 1 ऑगस्ट 1913 रोजी वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. उरलेली कथा त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली, आणि ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’, ‘सफेद शैतान’ अशा, विज्ञान व क्रांतिकारक यांची सांगड घालणाऱ्या रहस्यकादंबऱ्या स्वतः लिहिल्या.

टीकाकारांचा निवाडा

मृत्यूनंतर खत्रींच्या वाट्यास दुहेरी निवाडा आला. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या 1929 च्या इतिहासात असे ठरविले की, या कादंबऱ्या घटनाप्रधान असून त्यांत रस व स्वभावचित्रण नाही, म्हणून त्यांना शुद्ध साहित्याच्या कोटीत बसविता येत नाही. पण त्याच ठिकाणी त्यांनी हेही मान्य केले की, हिंदीला जितके वाचक या एका लेखकाने मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, आणि त्यांतील काही जण पुढे लेखकही झाले. प्रेमचंदांनी 1936 च्या लखनौ येथील प्रगतिशील लेखक संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात जुन्या अद्भुत कथांबरोबर ‘चंद्रकांता संतति’लाही जीवनापासून दूर असलेल्या वाङ्मयाच्या रांगेत बसविले. गंमत अशी की, हेच प्रेमचंद गोरखपूरला शाळेत असताना एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड अधाशासारखे वाचीत असत.

मला यात विसंगती दिसत नाही. प्रेमचंद योग्य तेच बोलले, कारण ते पुढच्या मजल्यावर उभे होते. पण ‘सेवासदन’ 1918 मध्ये हिंदीत निघाली तेव्हा तिला वाचकवर्ग तयार मिळाला, आणि तो वर्ग तयार करण्यात खत्रींचा वाटा मोठा होता. आपल्या संगीतातही असेच घडले आहे. भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. ख्यालाच्या मैफलीकडे कधी न फिरकलेल्या किती मराठी माणसांच्या कानांवर भीमपलास, बागेश्री हे राग नाटकाच्या तिकिटावर पडले! त्यांतील काही तेथेच थांबले, काही मैफलीपर्यंत आले. जे थांबले त्यांचेही काही नुकसान झाले नाही.

मराठी कादंबरीचा आरंभही अद्भुतापासून फार दूर नाही. खत्रींच्या जन्मवर्षी, 1861 मध्येच, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली आणि नंतर रिसबुडांची ‘मंजुघोषा’. वास्तववाद्यांनी त्यांची थट्टा केली, पण वाचनाची चटक त्यांनीच लावली. सिंहगडावरून पडून कमरेखालचे अंग लुळे झालेले नाथमाधव अंथरुणावर वाचता वाचता लेखक झाले, आणि त्यांच्या ‘वीरधवल’ने दोन-तीन पिढ्यांना रात्री जागविले. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या कथा वाचनालयाच्या कपाटातून किती वेळा घरी गेल्या असतील, याला गणती नाही.

खत्रींचे चरित्र आज आठवावे, याला आपल्यापुरते एक विशेष कारण आहे. त्यांच्या वाचकांना लिपी येत नव्हती, गोष्टीसाठी ते लिपी शिकले. आपल्या घरांतील मुलांची स्थिती नेमकी उलट आहे. हिंदी शाळेमुळे देवनागरी त्यांना चांगली येते, आजीशी ती मराठीत बोलतातही, पण मराठी पुस्तक उघडीत नाहीत. तेव्हा अडचण अक्षरांची नाही, ओढीची आहे. आणि आपण मात्र त्यांच्या हाती प्रथम देतो ते उपदेशाचे, थोर पुरुषांच्या पुण्यस्मरणाचे, नाही तर परीक्षेला उपयोगी पडणारे पुस्तक. मोठ्या माणसांचेही तेच. नोकरीच्या धबडग्यात वाचन सुटलेला गृहस्थ निवृत्तीनंतर एखादा जड ग्रंथ हाती घेतो, चार पानांत पेंगतो, आणि आता आपल्याच्याने वाचन होत नाही असे ठरवून मोकळा होतो.

‘चंद्रकांता’ 1994 साली दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने आली तेव्हा तिचा मूळ कथेशी संबंध बराच सैल होता, तरीही ती पाहून कित्येकांनी पुस्तक शोधले. शंभर वर्षांनंतरही या गोष्टीची ओढ संपली नव्हती, याचा हा पुरावाच होय. म्हणून आपल्या वाचनालयांच्या चालकांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना एकच विनंती करावीशी वाटते. नाथमाधव, अर्नाळकर, आणि हल्लीच्याही चांगल्या रहस्यकथा व अद्भुत कादंबऱ्या मागच्या कपाटात कुलपाआड न ठेवता दाराजवळ मांडा. कोणी मुलगा किंवा आजोबा त्या घेऊन गेला, तर नाक मुरडू नका. दुसऱ्या भागासाठी तो परत येईल, तेव्हा शेजारच्या फळीवर काय आहे तेही तो पाहील.